दूरच्या डोंगराचा रंग

१

ब्रश मी पंचवीस वर्षांपूर्वी सोडला. त्यात तत्त्वबित्त्व काही नव्हतं, धुवायचा कंटाळा होता. सुरी पुसली की झालं. पातळ, लवचीक पात्याची सुरी, तिच्यावर लोण्यासारखा घट्ट तेलरंग घ्यायचा आणि कॅनव्हासवर थापायचा, ओढायचा, नको असेल तर खरवडून काढायचा. दऱ्या, तळी, झाडांच्या रांगा, मागे डोंगर. माझी बरीचशी चित्रं दाताच्या डॉक्टरांनी नेली आहेत. दाढ काढून घ्यायला आलेला माणूस त्यांच्याकडे बघत बसला की म्हणे शांत होतो. मला याचा अभिमान आहे, आणि बायकोला हसू येतं.

रंग जुळवायची माझी एक पद्धत आहे. मिसळलेला रंग सुरीच्या टोकावर घ्यायचा, एक डोळा मिटायचा आणि सुरी समोरच्या वस्तूवर येईल अशी धरायची. रंग चुकला असेल तर टोक उठून दिसतं. बरोबर असेल तर ते दिसेनासं होतं, पातं मोडल्यासारखं वाटतं. वर्षानुवर्षं हे केल्याने हाताला खोडच लागली. दुधाच्या पातेल्यासमोर, भिंतीसमोर, कुणाच्याही शर्टासमोर मी सुरी धरतो. एकदा सासऱ्यांच्या टकलासमोर धरली होती. ते आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

त्या सकाळी एका दरीचं चित्र संपवत होतो. सगळ्यात मागच्या डोंगराचा रंग तयार होता: भरपूर पांढरा, त्यात निळा, आणि तो निळा फार ओरडू नये म्हणून चिमूटभर विटकरी. एवढ्यात बायको माझा चष्मा द्यायला आली. मी नेहमीप्रमाणे तो न्हाणीघरात विसरलो होतो. ती खिडकीपाशी, माझ्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली.

"हलू नकोस," मी म्हणालो आणि गंमत म्हणून सुरी तिच्या गालासमोर धरली.

"झालं सुरू," ती म्हणाली.

सुरीचं टोक दिसेनासं झालं.

मी डोळा उघडला, पुन्हा मिटला. आठ मैलांवरच्या डोंगराचा रंग तिच्या गालाशी तंतोतंत जुळत होता.

"काय निघाला? गोरा की सावळा?" तिने विचारलं.

"सावलीत उभी आहेस म्हणून," मी म्हणालो. ती उजेडात उभी होती.

२

जवळची वस्तू आणि लांबची वस्तू यांत रंगाचा फरक का पडतो, हे मी शिकवणीला येणाऱ्यांना शेकडो वेळा सांगितलंय. मधे हवा असते. जितकी हवा जास्त, तितकी वस्तू फिकट आणि निळसर. आधी तिच्यातला काळा जातो, मग लाल, पिवळा, आणि मग कडा. म्हणजे माणूस तेवढाच असला तरी त्याच्या आणि आपल्यामधे हवा वाढत जाते.

आमच्या घरात एक लांब खोली आहे. एका टोकाला उत्तरेची खिडकी आणि माझं ईझल. दुसऱ्या टोकाला टेबल. तिथे बायको शाळेतून आणलेल्या वह्या तपासत बसते. ती भूगोल शिकवते. मधे अकरा पावलं. एकतीस वर्षं आम्ही या खोलीत असेच बसलो आहोत, ती तिकडे आणि मी इकडे, आणि बोललो नाही तरी एकमेकांचं सगळं ऐकू येत आलंय.

दुसऱ्या दिवशी मी चोरून बघायला लागलो. तिचे केस काळे आहेत, रंगवलेले का होईना, पण काळे. ते धुरकट दिसत होते. लाल पेनाची लाली मेली होती. मी सुरी हात ताठ करून धरली आणि अंगठ्याने तिची उंची मोजली. बसलेला माणूस त्या अंतरावर पात्याच्या टोकापासून मुठीपर्यंत भरतो. हे मला पाठ आहे. ती अर्ध्या पात्यात बसली.

तिने एक वही संपवली आणि गठ्ठ्यावर टाकली. वही पडलेली मला दिसली. मग आवाज आला.

लांबच्या शेतात कुणी लाकूड फोडत असलं की असं होतं. कुऱ्हाड खाली आलेली आधी दिसते. चित्र काढायला माळावर बसलो की मी ते नेहमी बघतो. पण खोलीत बसून ते बघायची माझी ती पहिलीच वेळ होती, आणि मला घाम फुटला.

३

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत आणि फार बोलत नाहीत. त्यांनी हनुवटी एका टेकूवर ठेवायला लावली, डोळ्यांत थेंब घातले, प्रकाश मारला, अक्षरं वाचायला लावली. मी शेवटची ओळसुद्धा वाचली.

"मोतीबिंदूची सुरुवातही नाहीये," त्या म्हणाल्या. "तुमच्या वयाला इतके चांगले डोळे मी क्वचित बघते. त्रास काय होतोय नक्की?"

"एक वस्तू आहे ती लांब दिसते."

"कुठली वस्तू?"

बायको, असं सांगायला जीभ रेटेना. "टेबल," मी म्हणालो.

"फक्त टेबल? बाकीचं नीट दिसतं?"

"हो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि विचारलं, "झोप नीट लागते का?"

खरं सांगतो, मोतीबिंदू निघावा म्हणून मी मनातल्या मनात हात जोडून बसलो होतो. दोन्ही डोळ्यांत निघाला असता तरी चाललं असतं.

४

घरी आल्यावर मी चित्रकाराने करावं तेच केलं. चित्रातली एखादी वस्तू जवळ आणायची तर तिच्यात गडद आणि उबदार रंग भरायचे. मी कपाटातून बायकोचा लालभडक स्वेटर काढला.

"घाल हा. गारठा आहे."

"आज काय लाड?" तिने तो घातला, आरशात बघितलं, माझ्याकडे बघून मान वेळावली. "म्हातारपणी हे?"

मी ईझलपाशी गेलो आणि वळून बघितलं. स्वेटर जांभळट राखाडी दिसत होता. मी तिच्या टेबलावरचा दिवा लावला. दिवा पिवळा दिसला, ती दिसली नाही. मग मी टेबलच दोन हात पुढे ओढलं. तिने वह्यांचा गठ्ठा सावरला आणि विचारलं, "अहो, चाललंय काय तुमचं?"

"उजेड," मी म्हणालो. चित्रकाराला हे एक बरं असतं. काहीही वेड्यासारखं केलं तरी उजेड म्हटलं की लोक गप्प बसतात.

टेबल पुढे आलं. ती आली नाही. म्हणजे ती टेबलाशीच बसलेली होती, कोपर टेबलावर होतं, पण तेवढीच लहान आणि तेवढीच फिकट.

मग मी तिच्याकडे चालत निघालो, पावलं मोजत. अकरावर पोचायला हवं होतं. एकोणिसाव्याला पोचलो. तिच्या खांद्यावर हात ठेवला. स्वेटर उबदार होता, खांदाही तिचाच, डावीकडे जरा उतरता. पण माझा हात तिथे भलताच मोठा आणि काळपट दिसत होता, दुसऱ्या चित्रातून कापून चिकटवल्यासारखा.

"हात केवढा जड झालाय तुमचा," ती म्हणाली.

परत यायला मात्र अकराच पावलं लागली.

५

दहा दिवसांत मी तिच्यापर्यंत पोचेनासा झालो.

हे असं एका वाक्यात लिहिलं की फार सोपं वाटतं. रोज सकाळी ती शाळेत जायची, मला आवाज द्यायची, आणि तो आवाज दरीपलीकडून आल्यासारखा यायचा. मी ओरडून उत्तर द्यायचो. "बहिरी नाहीये मी," ती म्हणायची. तिच्या बाजूने सगळं ठीक होतं. ती माझ्याशी बोलत होती, माझ्या उत्तरांना हसत होती, कधीकधी मी न दिलेल्या उत्तरांनाही. दिवा मालवला की मला बरं वाटायचं, कारण अंधारात जवळचं आणि लांबचं सारखंच. पण एकदा मी पलंगावर हात लांब केला आणि चादर संपेचना, तेव्हा तो दिलासाही गेला.

मला तिची आठवण यायला लागली. समोर बसलेल्या माणसाची आठवण येणं म्हणजे काय, ते मी कुणाला सांगणार? तिच्या मानेवर एक तीळ आहे. तो मला दिसत नव्हता. मी अक्षरशः त्या तिळासाठी रडलो.

एका गुरुवारी दुपारी मी साठ पावलं चाललो. टेबल बाजूने मागे गेलं, खुर्ची गेली, भिंतीवरचा नकाशा गेला, आणि ती होती तिथेच, पुढे. पाय दुखले तेव्हा थांबलो. ती वहीवरून मान वर करून माझ्याकडे बघत होती.

शिकवणीत मी एक गोष्ट कायम सांगतो. लांबच्या माणसाला डोळे काढायचे नाहीत, नाकही काढायचं नाही. त्या अंतरावरून ते दिसत नाहीत, आणि काढले तर माणूस बाहुलीसारखा दिसतो. चेहरा म्हणून सुरीचा एकच फटकारा ओढायचा, फिकट, आणि सोडून द्यायचा.

ती माझ्याकडे बघत होती आणि तिथे एकच फटकारा होता.

मी तोंड फिरवलं. मला तिची भीती वाटली. माझ्या बायकोची मला भीती वाटली याची लाज मला आजही वाटते.

६

मी लेकीला फोन केला. ती दुसऱ्या शहरात जमीनमोजणीचं काम करते. रस्ते, पूल, हद्दी. अंतर म्हणजे तिच्या हातचा मळ. फोनवर मी एवढंच म्हणालो की आई जरा लांब लांब वाटते.

"भांडलात का?"

"नाही गं. तू ये."

शनिवारी सकाळी ती आली. मी दार उघडलं आणि तिने दारातच मला मिठी मारली. अंगावर पिवळं जॅकेट, इतकं पिवळं की डोळे चुरचुरले. केस काळेभोर. नाकावर घाम. नाक, डोळे, सगळं जागच्या जागी. मी तिला सोडेचना.

"बाबा, बरगडी मोडशील माझी," ती म्हणाली.

मग मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत गेली आणि तिचं हसू कमी होत गेलं. मला मोडीत न काढता ऐकून घेणारी ती एकटीच. शेवटी तिने पिशवीतून अंतर मोजायचं यंत्र काढलं, मुठीएवढं, लाल ठिपका टाकणारं. ईझलपाशी उभी राहून तिने तो ठिपका आईच्या खुर्चीवर टाकला.

"सहा मीटर नव्वद. बाबा, खोली आहे तेवढीच आहे."

"तू जाऊन ये तिच्यापर्यंत," मी म्हणालो.

ती गेली. मी श्वास रोखून बघत राहिलो. चालता चालता ती लहान होत गेली, पिवळं जॅकेट मळत गेलं, आणि त्या तिथे, पार तिथे, ती आईपाशी पोचली. आईने तिच्या गालाला हात लावला. बऱ्याच वेळाने दोघींच्या हसण्याचा आवाज आला. मग ती वळली आणि परत आली. येताना मोठी झाली. माझ्यापाशी पोचली तेव्हा जॅकेट पुन्हा लखलखीत पिवळं होतं आणि नाकावर तोच घाम.

"आई ठणठणीत आहे. आणि तू डोकं तपासून घे," ती म्हणाली. पण हे बोलताना तिने माझा हात धरला होता.

ती जाऊन परत आली होती. मला दुसरं काही सुचेना. तिला जाता येत होतं आणि परत येता येत होतं. म्हणजे ती आईला हाताला धरून इकडे आणू शकत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला भूक लागली.

७

यापुढचं जे आहे ते माझ्या हातून झालं.

तिने तेव्हाच निघायचं आणि आईला घेऊन यायचं, एवढंच होतं. मीही तेच सांगितलं. ती गेली, आईच्या शेजारच्या खुर्चीत बसली, तिला काहीतरी समजावायला लागली. दोघी एका उजेडात, एका ओळीत बसल्या होत्या. आणि माझ्यातला चित्रकार मधे कडमडला.

कुठलाही रंग एकटा असताना कळत नाही. शेजारी दुसरा ठेवावा लागतो, तेव्हा कळतं किती फिकट, किती निळा. इतके दिवस माझ्याकडे तुलनेला काही नव्हतं. आता होतं. बायको नेमकी किती लांब गेली आहे हे मला पहिल्यांदा मोजता येणार होतं. आकडा कळला असता तर, असं मी स्वतःला समजावलं. काय झालं असतं आकडा कळून? काही नाही. मला बघायचं होतं. आयुष्यभर दुसरं केलंय काय मी?

"एक मिनिट," मी ओरडलो. "हलू नका दोघी."

लेकीने मान वर केली. ओरडणं तिला पोचलं असावं, कारण ती लहानपणी बसायची तशी ताठ बसली, हात मांडीवर ठेवून.

मी रंगाच्या पाटीवर रंग मिसळला. पांढरा, निळा, चिमूटभर विटकरी, पुन्हा पांढरा. बायकोशी जुळवला. टोक गेलं. मग तीच सुरी, तोच रंग, सहज म्हणून शेजारी, लेकीच्या जॅकेटवर सरकवला.

टोक उठून दिसायला हवं होतं, मघाशी मळलं तरी जॅकेट पिवळंच राहिलं होतं. दिसलं नाही.

मी डोळा उघडला. जॅकेट पिवळं नव्हतं. त्याला कुठलाच रंग नव्हता, जो तिच्या आईला होता तोच होता. दोघींची उंची मिळून सुरीच्या टोकावर नखाएवढी. दोन फिकट फटकारे शेजारी शेजारी, आणि त्यांना डोळे नव्हते.

"ऊठ!" मी ओरडलो. "ऊठ तिथून! आत्ताच्या आत्ता इकडे ये!"

८

ती उठली. हे मी स्पष्ट बघितलं. ती उठली, आईला हात दिला, आईही उठली. दोघी हात धरून माझ्या दिशेने चालायला लागल्या. पावलं पडत होती. हात झुलत होते. आई काहीतरी म्हणाली असावी, कारण लेकीने मान मागे टाकली. हसताना ती तशी मान टाकते.

त्या चालत राहिल्या आणि मोठ्या झाल्या नाहीत.

मी ईझल बाजूला ढकललं आणि धावलो. या वयात धावलो. टेबल गेलं, खुर्च्या गेल्या, नकाशा गेला, पायाखाली फरशी होती आणि पुढे आणखी फरशी. छातीत कळ आली तेव्हा भिंतीला टेकायला हात लांब केला तर भिंत नव्हती. मी तिथेच गुडघ्यांवर बसलो.

त्या दोघी पोचल्या होत्या.

माझ्यापर्यंत नाही. तिथेच, त्यांच्या त्या फिकट उजेडात, त्यांच्यासमोर एक तिसरा फटकारा उभा होता. तपकिरी, उभा, जरा वाकलेला. काम करताना मी जो डगला घालतो त्याचाच रंग. मी खाली बघितलं. डगला माझ्या अंगावर होता, कोपरावर ओला निळा लागलेला.

लेकीने आईचा हात धरला आणि त्याच्या हातात दिला.

आवाज नंतर आला, बारीक, पण शब्द न शब्द कळला. "हे घे. आणली आई. झालं समाधान?"

"झालं," तो म्हणाला. आवाज माझा होता. त्यात धाप नव्हती.

त्याने माझ्या बायकोचा हात सोडला नाही. लेकीने त्याला मिठी मारली आणि त्याच्या पाठीवर थोपटलं. माझ्या पाठीला काही लागलं नाही. मग तिने पिशवी उचलली, काहीतरी म्हणाली, दोघांनी तिला दारापर्यंत सोडलं. दार मला दिसलं नाही. ती दिसेनाशी झाली एवढंच.

मी उठायचा प्रयत्न केला. हाक मारली. एकतीस वर्षांत मी तिला ज्या नावाने चारचौघांत कधी हाक मारली नाही, त्या नावाने मारली. ती थबकल्यासारखी वाटली. मला वाटलं, वळते आहे. तिने फक्त स्वेटरची बाही खाली ओढली.

"गार वारा येतोय कुठून तरी," ती त्याला म्हणाली. "खिडकी लावू का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"लाव," तो म्हणाला. मीही तेच म्हणणार होतो.